रेकॉर्डिंगचा सेट टॉप बॉक्स: विकत घ्यावा की केबलवाल्याकडून भाड्याने?

टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा डिजिटल रेकॉर्डर (डीव्हीआर) स्वतःचा असावा की केबल कंपनीकडून दरमहा भाड्याने घ्यावा, हा वाद मूळचा अमेरिकेतला. तिथे १९९९ मध्ये टिवो आणि रिप्ले टीव्ही हे रेकॉर्डर बाजारात आले. पुढे केबल कंपनीकडून केबलकार्ड नावाचे एक छोटे कार्ड घेऊन ते बाजारातून आणलेल्या रेकॉर्डरमध्ये बसवण्याची सोय झाली, त्यामुळे कंपनीचा बॉक्स नाकारून स्वतःचे यंत्र वापरणे ग्राहकाला खरोखरच शक्य झाले. आपल्याकडे तशी सोय झाली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने एप्रिल २०२० मध्ये सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालावेत अशी शिफारस केली खरी, परंतु लातुरात रोख पैसे मोजून घेतलेला एका कंपनीचा बॉक्स शेजारच्या गल्लीतून जाणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या वायरीवर अजूनही चालत नाही. सशुल्क वाहिन्यांचे कुलूप उघडणारी किल्ली त्या बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते आणि ती कंपनीच्या ताब्यात राहते.

म्हणून मराठवाड्यातल्या ग्राहकाने हा प्रश्न थोडा निराळा मांडावा: मला रेकॉर्ड करायच्या वाहिन्या मोफत आहेत की सशुल्क? मोफत असतील तर बाजारातून विकत घेतलेला बॉक्स खऱ्या अर्थाने आपला असतो. सशुल्क असतील तर विकत घेतलेला बॉक्ससुद्धा निम्मा कंपनीचाच असतो, आणि अशा वेळी भाड्याचा पर्याय दिसतो तितका वाईट नसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

पायरी पहिली: आठवडाभराची वही

बॉक्स पाहायला जाण्याआधी घरात एक आठवडा साधी नोंद ठेवावी. कोणता कार्यक्रम वेळेवर पाहता आला नाही, तो कोणत्या वाहिनीवर होता आणि तो फक्त एकदा पाहायचा होता की कायमचा जपून ठेवायचा होता, एवढे तीन रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. संध्याकाळची मालिका रात्री पाहून पुसली जाते, तर आषाढीच्या महापूजेचे प्रक्षेपण किंवा मुलाच्या अभ्यासाचा पाठ वर्षभर ठेवावासा वाटतो.

वाहिनी मोफत आहे की सशुल्क, हे बॉक्सच्या कार्यक्रम-मार्गदर्शिकेत वाहिनीच्या नावाजवळ दिसणाऱ्या किमतीवरून कळते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या मोफत आहेत. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ योजनेतल्या पीएम ई-विद्या वाहिन्यांनाही पैसे पडत नाहीत. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूर किंवा नांदेडला पाठवलेल्या मुलांच्या घरांत या वाहिन्यांबद्दल फार कमी माहिती असते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सशुल्क मनोरंजन आणि क्रिकेटच्या वाहिन्या हा दुसरा गट. यादीतला मोठा भाग या गटातला निघाला, तर एकदा मोबाईलही तपासून पाहावा. कारण अनेक मालिका त्या-त्या वाहिनीच्या अ‍ॅपवर नंतर पाहता येतात, आणि गावात फायबरचे इंटरनेट पोहोचले असेल तर रेकॉर्डरवर खर्च करण्याची गरजच उरत नाही.

पायरी दुसरी: बाजारात नेमके काय मिळते

दुकानात नुसते ‘डीव्हीआर दाखवा’ म्हटले तर छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला, नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत बहुतेक दुकानदार सीसीटीव्हीचा डीव्हीआर समोर ठेवेल. तो फक्त कॅमेऱ्यांचे चित्र साठवतो आणि टीव्हीच्या वाहिन्या पकडण्यासाठी त्याचा काहीही उपयोग नाही. ‘रेकॉर्डिंगचा सेट टॉप बॉक्स’ असे स्पष्ट सांगावे.

असे बॉक्स साधारण तीन तऱ्हांचे असतात. पहिल्यात हार्ड डिस्क आतच बसवलेली असते. टाटा स्कायने २००८ मध्ये या धर्तीचा बॉक्स भारतात आणला होता. तो महाग असतो, आणि डिस्क बिघडली की सगळा बॉक्सच दुरुस्तीला द्यावा लागतो. दुसरा म्हणजे कंपनीचा नेहमीचा बॉक्स, ज्याच्या मागे किंवा बाजूला यूएसबीचे तोंड असते आणि त्यात आपला पेन ड्राईव्ह वा हार्ड डिस्क लावून रेकॉर्डिंग करता येते. मात्र तोंड दिसले म्हणजे रेकॉर्डिंग होईलच असे नाही. काही बॉक्समध्ये ते केवळ सॉफ्टवेअर भरण्यासाठी किंवा फोटो पाहण्यासाठी असते, तर काहींत ही सोय कंपनीने आपल्या बाजूने सुरू करून द्यावी लागते. तिसरा म्हणजे दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेवर चालणारा, कोणत्याही दुकानात मिळणारा यूएसबी रेकॉर्डिंगचा बॉक्स. फ्री डिशची सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तिला मासिक शुल्क नाही, आणि बॉक्स व छत्री एकदा विकत घेतली की कुणाकडे रिचार्ज मारावा लागत नाही. ‘स्वतःचा रेकॉर्डर’ हे नाव आपल्याकडे या तिसऱ्यालाच शोभते.

सशुल्क बॉक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. कंपन्यांनी द्यायच्या बॉक्सविषयीच्या ट्रायच्या नियमांत, रेकॉर्डिंगची सोय असेल तर नक्कल रोखणारी व्यवस्थाही असावी, अशी अट आहे. त्यामुळे त्या बॉक्सवर आपल्याच पेन ड्राईव्हमध्ये केलेले रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालते आणि लॅपटॉपला लावले तर उघडत नाही. बॉक्स बदलला, वर्गणी बंद केली किंवा कंपनी सोडली, तर साठवलेला मजकूर बहुधा हातचा जातो. फ्री डिशच्या मोफत वाहिन्यांवरून केलेली फाईल मात्र संगणकावर चालते आणि तिची प्रत काढून ठेवता येते. वहीतल्या तिसऱ्या रकान्यात ‘कायमचे’ असे लिहिलेले कार्यक्रम म्हणूनच मोफत वाहिन्यांवरून रेकॉर्ड करावेत. घरात सशुल्क जोडणी असली तरी त्यासाठी वेगळा फ्री डिशचा बॉक्स ठेवणे मला अजिबात वायफळ वाटत नाही.

पायरी तिसरी: पैशांचा हिशोब

समजा, रेकॉर्डिंगच्या बॉक्सचे भाडे महिन्याला ७५ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ते ८८ रुपये ५० पैसे होते. तोच बॉक्स विकत घेतला तर समजा २,००० रुपये पडतात. २,००० ला ८८.५० ने भागले की साधारण २३ महिने येतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत-बाहेर दोन्ही पर्याय सारखे होतात. पण वॉरंटी संपल्यावर अ‍ॅडाप्टर, रिमोट किंवा आतली सर्किटची पट्टी यांवर ७०० रुपये खर्च झाले तर हाच आकडा ३० महिन्यांपलीकडे जातो, कारण भाड्याच्या बॉक्सची दुरुस्ती सहसा कंपनीकडे असते आणि विकतच्या बॉक्सची आपल्याकडे. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपल्या केबलवाल्याने सांगितलेले आकडे त्यांच्या जागी घालून हिशोब करावा.

या भागाकारात न दिसणारा घटक म्हणजे आपण त्या पत्त्यावर, त्या कंपनीकडे किती काळ राहणार. शिक्षणासाठी दोन वर्षे लातुरात खोली करून राहणाऱ्या कुटुंबाने बॉक्स विकत घेण्यात अर्थ नाही. गावी परतताना तो बॉक्स तिथल्या केबलवर चालणार नाही आणि त्याला गिऱ्हाईकही मिळणार नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी सहा महिने बाहेर असणाऱ्या घरांचे गणित आणखी वेगळे आहे. तिथे सेवा तात्पुरती बंद ठेवली तरी बॉक्सचे भाडे चालूच राहते का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. भाडे चालूच राहत असेल, तर वर्षातून सहा महिने वापरायच्या बॉक्सला बारा महिन्यांचे पैसे जातील आणि विकत घेणेच स्वस्त पडेल. तसेच स्वतःचे घर, एकच कंपनी आणि चार-पाच वर्षांची तयारी असेल तर विकत घ्यावे.

जुना, वापरलेला कंपनीचा बॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो पहिल्या ग्राहकाच्या खात्याशी जोडलेला असतो, त्याची थकबाकी किंवा भाड्याचा करार शिल्लक असू शकतो, आणि कंपनीने तो आपल्या नावावर करून देण्यास नकार दिला तर हातात फक्त प्लास्टिक राहते. फ्री डिशच्या जुन्या बॉक्सला हा धोका नाही. तिथे फक्त तो एमपेग-४ या चित्र पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा आहे ना, एवढे पाहावे, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर त्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या दिसत नाहीत.

पायरी चौथी: केबलवाल्याला विचारायचे प्रश्न

आपल्याकडे केबलवाला बहुधा ओळखीचा असतो, गल्लीतलाच असतो, आणि म्हणूनच कागद मागायला माणसे संकोचतात. हा संकोच बाजूला ठेवावा. “भाऊ, हा डबा माझ्या नावावर होणार की कंपनीच्या?” या एका प्रश्नाने बरेचसे स्पष्ट होते. त्यानंतर अनामत रक्कम किती, ती परत कधी आणि कोणत्या कपातीने मिळणार, विकत घेतल्यास वॉरंटी किती, रेकॉर्डिंगची सोय सुरू करण्यासाठी वेगळे शुल्क आहे का, वीज पडून बॉक्स जळाला तर भाड्याच्या करारात तो कुणाच्या माथी, हे विचारून उत्तरे ग्राहक अर्जाच्या प्रतीवर लिहून घ्यावीत. बसवण्याच्या आणि बॉक्स सुरू करून देण्याच्या शुल्कावर ट्रायच्या २०१७ च्या नियमांत कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ च्या दुरुस्तीने ही शुल्के आणि मासिक नेटवर्क शुल्कही ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, त्यामुळे शेजाऱ्याने गेल्या वर्षी दिलेल्या रकमेवर विसंबून चालत नाही. बॉक्सच्या खालच्या बाजूला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहून घ्यावे.

कंपनी किती काळ टिकेल, याचा विचार ग्राहक सहसा करत नाही. चितेगावच्या कारखान्यामुळे मराठवाड्याला घरची वाटणाऱ्या व्हिडिओकॉन समूहाची डी-टू-एच सेवा २००९ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. तिथे ग्राहकांचे बॉक्स चालू राहिले, पण छोट्या केबल जाळ्यांच्या विलीनीकरणात बॉक्स बदलून घ्यावे लागण्याची शक्यता नेहमीच असते, आणि तेव्हा नुकसान विकत घेणाऱ्याचे होते.

पायरी पाचवी: डिस्क निवडणे

या पायरीवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण बॉक्स चांगला असूनही रेकॉर्डिंग तुटते ते बहुतेकदा डिस्कमुळे.

किती जागा लागेल, हे काढण्याची रीत सोपी आहे. वाहिनीचा प्रवाह, म्हणजे तिच्यावरून येणाऱ्या माहितीचा वेग, सेकंदाला १ मेगाबिट असेल तर एका तासाला सुमारे ०.४५ जीबी जागा लागते. साध्या एसडी वाहिनीचा प्रवाह २ ते ३ मेगाबिट धरला तर तासाला ०.९ ते १.३५ जीबी होतात, आणि एचडी वाहिनीचा ६ ते ८ धरला तर २.७ ते ३.६ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राईव्हवर एसडीचे वीसेक तास सहज मावतात, पण एचडीवर चार तासांचे दोन सामने ठेवले की तो जवळजवळ भरतो. ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचेही दीडशेच्या आसपास तास बसतात, आणि एका घराला याहून मोठी डिस्क क्वचितच लागते.

पेन ड्राईव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. चांगले बॉक्स अशा वेळी आपोआप दुसरी फाईल सुरू करतात, स्वस्तातले बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतात. एचडी सामना तासाभराने मध्येच तुटत असेल तर दोष याच मर्यादेत शोधावा आणि बॉक्स स्वीकारत असेल तर डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी. अनेक बॉक्स पहिल्यांदा डिस्क लावताच तिच्यावरचे सगळे पुसण्याची परवानगी मागतात, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेली डिस्क तिथे कधीही लावू नये.

दुसरी अडचण विजेची. यूएसबी २.० च्या तोंडातून प्रमाणानुसार ५०० मिलीअँपिअरच मिळतात, आणि फिरत्या हार्ड डिस्कला सुरू होताना याहून जास्त लागू शकतात. डिस्क टकटक असा आवाज करून बंद पडत असेल तर ती खराब झाली असे समजून फेकू नये. स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेल्या यूएसबी हबमधून ती जोडून पाहावी. पेन ड्राईव्हला ही अडचण येत नाही, मात्र चालू कार्यक्रम थांबवून ठेवण्याची सोय सतत सुरू असेल तर त्यावर अखंड लिहिणे चालते आणि स्वस्त पेन ड्राईव्ह लवकर झिजतो. ती सोय नको असल्यास सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

पायरी सहावी: छत्री, वायर आणि दोन ट्यूनर

एक वाहिनी पाहत दुसरी रेकॉर्ड करायची असेल तर बॉक्समध्ये दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, हवेत. खोक्यावर नुसते ‘रेकॉर्डिंग’ लिहिलेले असेल तर बहुधा ट्यूनर एकच असतो आणि रेकॉर्डिंग चालू असताना वाहिनी बदलता येत नाही, किंवा त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या मोजक्याच वाहिन्या पाहता येतात. केबलच्या जोडणीत एकच वायर पुरते, परंतु छत्रीवर दोन ट्यूनर चालवायचे तर सामान्यतः दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग) आणि दोन वायरी लागतात. हा खर्च हिशोबात धरायचा राहून जातो.

फ्री डिशची छत्री बसवताना मराठवाड्यात ती आग्नेयेकडे करावी लागते. वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, आणि आपल्या भागातून तो क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर असतो. त्या बाजूला कडुनिंब वाढलेला असेल तर जागा बदलावी. उन्हाळ्यात मिळालेला सिग्नल पालवी दाट झाल्यावर टिकत नाही.

पायरी सातवी: लाईट, ऊन आणि वीज

रेकॉर्डिंग लावून शेतात किंवा लग्नाला गेले आणि लाईट गेली, की कार्यक्रम तिथेच संपला. काही बॉक्स लाईट आल्यावर उरलेले रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करतात, काही नुसते स्टँडबायमध्ये जाऊन बसतात. आपला बॉक्स यांपैकी कोणता, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे. बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरवर बहुधा १२ व्होल्ट लिहिलेले असते, आणि वायफायच्या राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस त्याच्या अँपिअरच्या मर्यादेत बसत असेल तर त्यावर बॉक्स चालतो. मात्र केबलवाल्याच्या चौकातल्या यंत्राला पर्यायी वीज नसेल तर आपल्या यूपीएसचा उपयोग शून्य. छत्रीच्या जोडणीला ही अडचण नसते. ज्या गावांत भारनियमन रोजचे आहे, तिथे केवळ या कारणासाठी मी छत्रीला झुकते माप देईन.

बॉक्स सतत चालू ठेवल्यास तो १५ वॅट खातो असे धरले, तर दिवसाला ०.३६ आणि महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. ते भाड्याइतकेच नियमित बिल आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात टीव्हीखालच्या बंद कप्प्यात हार्ड डिस्क ठेवू नये. बॉक्सवर बॉक्स रचू नयेत, आणि वरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल अंथरण्याची आपली सवय इथे सोडावी. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीकडून किंवा खांबावरून येणारी वायरही मागून काढावी लागते, कारण विजेची लाट बहुतेकदा तिच्यातूनही येते. छत्रीला अर्थिंग द्यावे. मुसळधार पावसात छत्रीचा सिग्नल काही मिनिटे जातोच, आणि त्या वेळेचे रेकॉर्डिंग अडखळते. याला इलाज नाही.

पायरी आठवी: पैसे देण्याआधीची चाचणी

बसवायला आलेल्या मुलाला थांबवून घ्यावे. आपला पेन ड्राईव्ह लावून एचडी वाहिनीचे पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे, ते चालू असताना वाहिनी बदलून पाहावी, नंतर दहा मिनिटांनी सुरू होईल असे रेकॉर्डिंग लावून बॉक्स स्टँडबायमध्ये टाकावा आणि मधेच एकदा मेन स्विच बंद करून चालू करावा. रेकॉर्ड झालेली फाईल शेवटपर्यंत पुढे-मागे करून पाहावी. चित्रावर मधूनच एखादा आकडा उमटून गेला तर तो बिघाड समजू नये, तो कंपनीने बॉक्स ओळखण्यासाठी टाकलेला क्रमांक असतो आणि रेकॉर्डिंगमध्येही तो दिसतो.

तो क्रमांक असण्याचे कारण उघड आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग हा हक्कभंग ठरत नाही. ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे किंवा गणपतीच्या मंडपात मोठ्या पडद्यावर लावणे ही या सवलतीबाहेरची गोष्ट आहे.

पायरी नववी: भाड्याचा बॉक्स परत करताना

भाड्याचा बॉक्स सोडायचा झाला तर फोनवर ‘बंद करा’ एवढे सांगून थांबू नये. लेखी अर्ज द्यावा आणि बॉक्स, अ‍ॅडाप्टर, रिमोट, असल्यास कार्ड अशी प्रत्येक वस्तू तिच्या क्रमांकासह पोचपावतीवर लिहून सही घ्यावी, कारण अनामतीतून कपात होते ती हरवलेल्या रिमोटच्या नावाखाली. बाहेरून लावलेली डिस्क आपली असते, ती आधी काढून घ्यावी. अनामत ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर नोंद करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तो तक्रार क्रमांक आणि पोचपावतीची तारीख सांगून तक्रार दाखल करावी.